तान्ह्या बाळाची सुंता: आधी काय तपासायचं, त्या दिवशी काय न्यायचं, पुढचे दहा दिवस काय बघायचं

बाळाची सुंता करायची की नाही, हे प्रत्येक घर आपापल्या श्रद्धेनुसार ठरवतं. मुस्लिम घरांत खतना असतो. रायगड, ठाणे, मुंबईतल्या बेने इस्रायल (मराठी यहुदी) घरांत आठव्या दिवशी मिला, म्हणजे यहुदी रीतीची सुंता, असते आणि त्याच वेळी बाळाचं नाव ठेवतात. हा लेख करायचं ठरवलेल्या आईवडिलांसाठी आहे.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि ते डॉक्टर करतात. गडबड होते ती एक तर त्याआधी, बाळ नीट तपासलं नाही म्हणून, किंवा नंतर, लंगोटात दिसतंय ते चांगलं की वाईट हे घरच्यांना कळलं नाही म्हणून. त्यामुळे इथे भर या दोन टोकांवर आहे.

एक गैरसमज आधीच दूर करू. तान्ह्या बाळाची पुढची कातडी मागे सरकत नाही, हा आजार नाही. ती आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप सुटते. ‘कातडी घट्ट आहे, लगेच ऑपरेशन करा’ असं कुणी महिन्याभराच्या बाळाबद्दल सांगितलं आणि तुमच्या घरात सुंतेची रीत नसेल, तर दुसऱ्या बालशल्यचिकित्सकाला दाखवा. मालिश करताना ती कातडी ओढून मागे न्यायची पद्धत काही घरांत आहे, ती तर बंदच करा.

आणि हे सगळं फक्त मुलांबद्दल. मुलींच्या बाबतीत रीत म्हणून जे केलं जातं त्याचा आरोग्याला काहीच फायदा नाही, इजा मात्र कायमची होते. ते करूच नये.

१. वेळ ठरवा

सगळ्यात सोपा काळ पहिल्या दोन महिन्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तान्ह्या बाळांसाठीच्या पुस्तिकेतही पहिले ६० दिवस धरले आहेत. या वयात जागेपुरती भूल पुरते, टाके बहुधा लागत नाहीत आणि जखम आठ-दहा दिवसांत भरते. तीन महिन्यांनंतर बाळ जोरात हलतं, रक्तवाहिन्या जाड होतात आणि पूर्ण भूल द्यावी लागते. तोवर राहून गेलं असेल आणि घाई नसेल, तर बरेच डॉक्टर वर्ष उलटेपर्यंत थांबायला सांगतात. ते ऐकावं.

घरातल्या मोठ्या माणसांचा दिवसाचा आग्रह असतो. सातव्या दिवशी खतना करणं अनेक जण उत्तम मानतात, पण तोच दिवस पाळायची सक्ती नाही. आठव्या दिवसाची मिला मात्र ठरलेली असते, आणि तो दिवस जन्माचा दिवस धरून मोजतात. तरीही बाळाला कावीळ असेल किंवा ते आजारी असेल तर मिला पुढे ढकलायची, हे यहुदी धर्मशास्त्रातच सांगितलं आहे. आजी-आजोबांना डॉक्टरचं पटत नसेल तर हे सांगून पाहा.

लसीकरणाचा दिवस मध्ये येऊ देऊ नका. सहाव्या आठवड्याच्या लसीनंतर बऱ्याचदा ताप येतो. तो लसीचा की जखमेचा, हे मग कळत नाही. दोन्हींत निदान आठवडा ठेवा.

२. बाळ तयार आहे का, हे तपासून घ्या

ही पायरी कुणी गाळायला सांगत असेल तर तिथे सुंता करू नका. डॉक्टरांनी दुपटं सोडून, उजेडात, बाळाला खरोखर बघितलं पाहिजे. पुढच्या गोष्टी त्यांना विचारा:

लघवीचं छिद्र टोकालाच आहे ना? काही बाळांत ते टोकाच्या खालच्या बाजूला असतं. अशा वेळी पुढची कातडी बहुधा वरच्या बाजूला टोपीसारखी जमलेली आणि खालून अपुरी दिसते. याला हायपोस्पॅडियस म्हणतात. दुरुस्तीच्या ऑपरेशनला हीच कातडी लागते. ती आधीच कापून टाकली की दुरुस्तीचं सामानच गेलं. शिश्न वाकडं असेल, चरबीत रुतलेलं असेल किंवा वृषणाची कातडी शिश्नापर्यंत चढलेली असेल, तरीही थांबायचं.

वजन आणि दिवस. बाळ पूर्ण दिवसांचं, निदान २.५ किलोचं, नीट पिणारं आणि नीट शू करणारं हवं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वजन भरेपर्यंत वेळ द्या. डोळे किंवा अंग पिवळं असेल, ताप असेल, लंगोटाच्या जागी पुरळ असेल, तर तारीख बदला.

व्हिटॅमिन के. रक्त गोठायला लागणारं हे जीवनसत्त्व नवजात बाळात कमी असतं, म्हणून जन्मल्यावर मांडीत १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद असते. नोंद नसेल, किंवा बाळंतपण घरी झालं असेल, तर सुंतेआधी ते देऊन घ्या. पहिल्या आठवड्यातल्या सुंतेत तर याला पर्यायच नाही.

घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो, म्हणून चौकशी आईच्या माहेरी करायची: मामाला, आजोबांना, मावशीच्या मुलाला दात काढल्यावर, सुंतेनंतर किंवा पडल्यावर रक्त थांबेना असं झालं होतं का? या बाळाच्या मोठ्या भावाचं काय झालं? नाळ पडताना किंवा टाचेतून रक्त घेताना याच बाळाचं रक्त वाहत राहिलं होतं का? उत्तर ‘हो’ असेल तर आधी रक्ततज्ज्ञ, मग सुंता. बोट टोचून केलेली साधी ‘बीटी-सीटी’ (रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) सौम्य हिमोफिलियात नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे केवळ त्या कागदावर निर्धास्त राहू नका. दोन भाऊ सुंतेनंतर रक्त वाहून दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, हा नियम यहुदी धर्मशास्त्रात शेकडो वर्षांपासून आहे. आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी लोकांनी हे ओळखलं होतं.

३. माणूस आणि पद्धत निवडा

बालशल्यचिकित्सक सगळ्यात चांगला. लहान गावात अनुभवी जनरल सर्जन किंवा युरोलॉजिस्टही चालतो, पण तान्ह्या बाळांच्या सुंता तो नेहमी करतो का, हे विचारा. मोठ्या मुलांच्या करण्याचा अनुभव इथे पुरत नाही. घरी येऊन करणारा माणूस हवाच असेल, तर निर्जंतुक हत्यारांचं सीलबंद पाकीट, हातमोजे, जागेची भूल आणि रक्त न थांबल्यास जायचं हॉस्पिटल, या चार गोष्टी आधी ठरलेल्या हव्यात. वस्तऱ्याने, भुलीशिवाय, राख लावून, हे आता नको. जखमेला तोंड लावून रक्त ओढायची जुनी रीतही नको, थुंकीतून बाळाला जंतूंचा गंभीर संसर्ग होतो.

पद्धती तीन-चार ऐकायला मिळतील.

रिंग (प्लास्टिबेल): बोंडावर प्लास्टिकची टोपी बसवतात, कातडीवरून दोरा घट्ट आवळतात, वरची कातडी कापतात. दोऱ्याखालची कातडी सुकते आणि ५ ते ८ दिवसांत रिंगसकट गळून पडते. रिंग १.१ पासून १.७ सेंटिमीटरपर्यंतच्या मापांत मिळते. माप चुकलं की त्रास होतो. मोठी रिंग मागे सरकून शिश्नात रुतते, लहान रिंग बोंड आवळते. म्हणून ‘सगळ्यांना एकच साइझ’ ठेवणाऱ्याकडे जाऊ नका.

क्लॅम्प (गॉम्को, मोगन): चिमट्याने कातडी दाबून रक्तवाहिन्या बंद करतात, कापतात आणि क्लॅम्प लगेच काढतात. घरी काही घेऊन जायचं नसतं, पहिली रात्र मात्र जास्त जागरूक राहावं लागतं.

टाक्यांची सुंता: मोठ्या बाळांत. टाके विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत.

आता ‘लेझर’. पाटीवर लेझर लिहिलेलं असतं, आत बऱ्याचदा कॉटरी असते, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापणारं आणि रक्त थांबवणारं यंत्र. कॉटरी वाईट नाही, पण मोनोपोलर प्रकारात वीज शिश्नाच्या बारीक बुंध्यातून अंगात जाते आणि तिथल्या रक्तवाहिन्या भाजू शकतात. बायपोलर (वीज चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहते तो प्रकार) आहे का, हे विचारा. धातूचा क्लॅम्प लावलेला असताना कॉटरी वापरणं तर सरळ धोका. जाहिरातींतलं ‘स्टेपलर’ मोठ्या मुलांसाठी आणि पुरुषांसाठी आहे, तान्ह्या बाळाला त्याचा उपयोग नाही.

४. भुलीबद्दल स्पष्ट विचारा

‘एवढ्याशा बाळाला कळत नाही’ हे खोटं आहे. त्याला पुरेपूर दुखतं. शिश्नाच्या बुंध्याशी लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करणं ही चांगली पद्धत. त्या इंजेक्शनात अ‍ॅड्रिनलिन नको, कारण त्याने रक्तपुरवठा आवळला जातो. इंजेक्शन दिल्यावर ३ ते ५ मिनिटं थांबावं लागतं. घाईत ते थांबणंच राहून जातं, म्हणून डॉक्टरांना आधीच हसतमुखाने विचारून ठेवा.

बधिर करणारी क्रीम ६० ते ९० मिनिटं आधी लावतात. ती दवाखान्यातच लावू द्या. घरी अर्धी ट्यूब थापू नका, तान्ह्या बाळात ती जास्त शोषली गेली तर रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही आणि ओठ निळसर पडतात. काम चालू असताना नर्स साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देते, त्याने बाळ खरंच शांत राहतं. मध मात्र वर्षाच्या आत कुणालाही चाटवू देऊ नका.

५. कागद आणि सामान

कागद: जन्माचं डिस्चार्ज कार्ड (वजन आणि व्हिटॅमिन केच्या नोंदीसह), लसीकरणाचं कार्ड, केलेल्या रक्त तपासण्या, आईवडिलांचं आधार कार्ड. संमतिपत्रावर सही आईची किंवा वडिलांची लागते, आजोबांची किंवा मामाची चालत नाही. सही करण्याआधी त्यात पद्धतीचं आणि भुलीचं नाव लिहिलंय का बघा. धार्मिक कारणाने केलेल्या सुंतेचा खर्च मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही.

सामान:
- पांढरे, मऊ, धुतलेले सुती लंगोट, निदान १२
- पेट्रोलियम जेलीची नवी, न उघडलेली ट्यूब (डबीत बोटं जातात, म्हणून ट्यूब)
- निर्जंतुक गॉझची पाकिटं, १० × १० सेंटिमीटर
- पॅरासिटामॉलचे थेंब आणि मिलिलिटरच्या खुणा असलेली तोंडाने द्यायची सिरिंज
- थर्मामीटर
- नेहमीपेक्षा एक साइझ मोठे डायपर, दुसऱ्या दिवसापासून

६. त्या दिवशी

जागेची भूल असेल तर बाळाला तासभर आधी पाजून घ्या. गच्च भरल्या पोटी झोपवलं की उलटी होते, उपाशी ठेवलं की आकांत करतं. पूर्ण भूल असेल तर मात्र आईचं दूध ४ तास आणि वरचं दूध ६ तास आधी बंद. गुटीही नाही. एखाद्या प्रेमळ आजीने ‘फक्त दोन थेंब’ पाजले असतील तर ते भूलतज्ज्ञाला सांगून टाका, लपवू नका.

करदोटा, तावीज, चांदीचे वाळे घरीच काढून ठेवा. कॉटरी वापरताना अंगावर धातू असला तर तिथे भाजतं. मालिश त्या दिवशी नको, तेलकट अंगावर चिकटपट्टी बसत नाही.

काम झाल्यावर निदान अर्धा ते एक तास दवाखान्यात थांबा, आणि निघण्यापूर्वी लंगोट सोडून डॉक्टरांना किंवा नर्सला जखम पुन्हा बघायला लावा. तेव्हाच तुम्हीही नीट बघून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रात्री दोन वाजता ‘सूज वाढली का?’ हा प्रश्न पडला की तुलनेला तो फोटो कामी येतो. रात्री उचलला जाणारा फोन नंबर कागदावर लिहून घ्या.

७. पहिले २४ तास: रक्त आणि शू

तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण पाव लिटर रक्त असतं. त्यातलं २५ मिली, म्हणजे चहाचे पाच चमचे, गेलं तर दहावा हिस्सा गेला. जेल असलेला डायपर एवढं रक्त बिनबोभाट पिऊन टाकतो आणि वरून कोरडाच वाटतो. म्हणून पहिली रात्र डायपर नको, पांढरा लंगोट. पहिले दोन तास दर १५-२० मिनिटांनी, मग झोपेपर्यंत तासाला आणि रात्री प्रत्येक पाजण्याच्या वेळी उघडून बघा.

रुपयाच्या नाण्याएवढा डाग, गुलाबी ओल, गॉझवर सुकलेलं रक्त चालतं. डाग पसरत असेल किंवा थेंब थेंब गळत असेल, तर निर्जंतुक गॉझ ठेवून दोन बोटांनी हलका पण सलग दाब द्या. घड्याळ लावून ५ मिनिटं. मध्येच उचलून बघितलं की नुकतीच धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. ५ मिनिटांनी थांबलं नाही तर तसाच दाब ठेवून हॉस्पिटल गाठा. हळद, कॉफी पावडर, राख, तुरटी, काहीही भरू नका. जंतू आत जातात, आणि डॉक्टरांना रक्त नेमकं कुठून येतंय ते दिसत नाही.

शू ६ ते ८ तासांत व्हायला हवी. १२ तासांत झाली नाही तर वाट न बघता दाखवा. पट्टी फार आवळलेली असणं किंवा रिंग सरकणं ही नेहमीची कारणं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी लिहिलेल्या मापात. माप साधारण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतं, दोन डोसांत ६ तासांचं अंतर. इथे एक भयंकर सोपी चूक होते. थेंबांच्या बाटलीत सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या बाटलीत बऱ्याचदा ५ मिलीत १२५. चार किलोच्या बाळाला थेंब ०.४ ते ०.६ मिली लागतात, तेच असं सिरप १.६ ते २.४ मिली. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं की औषध चौपट जातं. घरात दोन्ही बाटल्या असतील तर एक कपाटात वर ठेवा. डोस देण्याआधी ताप मोजा, नाहीतर औषधाने ताप झाकला जातो. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन या वयात नाही.

८. दुसरा ते दहावा दिवस: जेली, पाणी आणि तो पिवळा थर

पट्टी २४ तासांनी काढतात. चिकटली असेल तर कोमट पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, आपोआप सुटेल तेवढीच काढा.

प्रत्येक लंगोट बदलताना वाटाण्याएवढी पेट्रोलियम जेली बोंडावर आणि लंगोटाच्या त्या भागावर लावा. उघडं बोंड कापडाला चिकटू नये आणि लघवीच्या छिद्राशी खपली धरू नये, हे तिचं काम. असं ७ ते १० दिवस. रिंग असेल तर जेली लावायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, काही जण दोऱ्याजवळ काहीच लावू देत नाहीत.

शी लागली तर कोमट पाणी वरून ओतून धुवा आणि टिपून घ्या. पुसायचं नाही. ओले वाइप्स, डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, पावडर यांना सुट्टी. आंघोळ दोन-तीन दिवस अंग पुसून घालावी. मालिशवाल्या बाईंना आधीच बजावून ठेवा: पोट ते मांड्या या भागाला तेल नाही, पाय ताणायचे नाहीत, आणि धुरीचं धुपाटणं लांब. लंगोटाची गाठ सैल, कमरेला. करदोटा नंतर बांधा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोंडावर पिवळट-पांढरा चिकट थर येतो. घरातले हमखास म्हणतात, ‘पू झाला.’ हा पू नाही, नवीन कातडी येण्याआधीचा ओला खपला आहे. तो खरवडून काढला की रक्त येतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. आठवड्याभरात तो जातो. पू असेल तर वास येतो, तो गळतो, आणि लाली जखमेपुरती न राहता बुंध्याकडे, पोटाकडे चढते. बोंड लालबुंद दिसणं आणि त्यामागे सुजेचं कडं असणं पहिल्या आठवड्यात नेहमीचं आहे. तिसऱ्या दिवसानंतर ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं.

रिंग लोंबकळायला लागली की ओढायचा मोह होतो. ओढू नका, दोरा कापू नका. सुकलेली काळी कड आणि थोडा वास असतोच. १० दिवसांत पडली नाही तर दाखवा.

९. लगेच हॉस्पिटलला कधी जायचं

- ५ मिनिटांच्या दाबानंतरही रक्त
- १२ तास शू नाही, किंवा शू करताना बाळ कळवळतं
- बोंड निळं-काळं पडणं
- रिंग मागे सरकून शिश्नाच्या दांडीवर बसणं, पुढे सूज येणं
- दुर्गंधी, पू, पोटाकडे चढणारी लाली
- ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप म्हणजे घरगुती उपाय नाही
- बाळ पीत नाही, सुस्त पडलंय, पांढरंफटक दिसतंय

रात्री निघताना जवळच्या नर्सिंग होमऐवजी लहान मुलांचा सर्जन असलेलं हॉस्पिटल धरा, आणि रक्ताने भिजलेले लंगोट पिशवीत घालून न्या. किती रक्त गेलं, हे तेच सांगतात.

१०. जखम भरल्यावर

दोन आठवड्यांनी एकदा दाखवून घ्या, बाळ कितीही ठणठणीत असलं तरी. गुटगुटीत बाळात पोटाखालची चरबी वाढली की उरलेली कातडी पुढे येऊन बोंडाला चिकटते. घरच्यांना वाटतं सुंता अर्धवट झाली, आणि दुसऱ्यांदा कापायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे आंघोळीच्या वेळी कातडी हलक्या हाताने मागे करून, पाण्याने धुऊन, थोडी जेली लावायची. जखम पुरती भरण्याआधी हे सुरू करू नका. कातडीचा जाड पूल तयार झाला असेल तर तो घरी ओढून तोडायचा नाही, ते काम दवाखान्याचं.

राहिली लघवीची धार. उघड्या छिद्राला लंगोटाचा आणि अमोनियाचा त्रास होऊन काही मुलांत ते हळूहळू बारीक होतं. हे महिन्यांनी, कधी वर्षांनी लक्षात येतं. धार सुईसारखी बारीक आणि वर उडते, कमोडच्या बाहेर जाते, मूल शू करायला खूप वेळ घेतं. आई रागावत राहते, पोरगं मात्र निर्दोष असतं. मूल उभं राहून शू करायला लागलं की धार एकदा बाजूने बघा, आणि अशी दिसली तर त्याच सर्जनकडे न्या. छिद्र मोठं करायचं ऑपरेशन छोटं असतं.